सहा पौंड हवा

टर्बो हा शब्द आमच्या सीमाभागात प्रथम आला तो ट्रकच्या पाठीवरून. चोर्ला घाटात पुढे एखादा भरलेला ट्रक कण्हत चढत असायचा, मागे आपली बस धूर खात असायची आणि ट्रकच्या मागच्या फळीवर 'हॉर्न प्लीज'च्या शेजारी ठळक रंगात 'टर्बो' लिहिलेले असायचे. गोव्याला जाणाऱ्या आम्हा प्रवाशांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की हा ट्रक इतर ट्रकांपेक्षा थोडा कमी कण्हतो. मराठीच्या मास्तराला त्याहून अधिक ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्या शब्दाशी माझा खरा संबंध आला तो २०२३ सालच्या उन्हाळी सुटीत, अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरी, एका घराच्या गॅरेजमध्ये. थोरल्या भावाचा मुलगा तिथे नोकरीला आहे. वहिनींना एवढा प्रवास एकटीने जमण्यासारखा नव्हता, म्हणून सोबतीला मी गेलो. अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, आले नाहीत. गुडघे दुखतात असे त्यांनी सांगितले. गुडघे दुखतात हे खरेच आहे. पण त्याच गुडघ्यांनी ते रोज सकाळी किल्ल्याच्या तळ्याला दोन फेऱ्या मारतात, हेही खरे आहे.

अण्णांनी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षे क्रँकशाफ्टवर काम केले. बेळगावच्या फौंड्र्या आणि मशीन शॉप ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको. कारखान्यात निम्मे बोलणे मराठीत, निम्मे कानडीत आणि मापे सगळी मायक्रॉनमध्ये. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना लेथ विकत घेतला, भाड्याने एक शेड धरली आणि मुलगा शिकून परत येईल म्हणून वाट पाहू लागले. मुलाने तिकडेच नोकरी धरली. लेथवर पोते पांघरलेले राहिले. २०१९ साली तो विकला गेला. त्या दिवसापासून बापलेकांचे फोनवरचे बोलणे दोन वाक्यांवर आले होते. 'जेवलास?' आणि 'बर्फ पडलाय काय?' उन्हाळ्यात दुसरे वाक्यही गळायचे. बाकी सगळे वहिनींच्या मार्फत.

तर या मुलाने तिथे एक जुनी गाडी घेतली होती. माझदा कंपनीची मियाटा, १९९० सालची, लाल. ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम जगासमोर आली. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इंग्रजी उघड्या गाड्या, विशेषतः लोटस कंपनीची एलान, डोळ्यांपुढे ठेवून जपान्यांनी ती केली आणि इंग्रजांना जे जमले नव्हते ते साधले, म्हणजे ती रोज सकाळी सुरू होते. वजन टनाच्या आत, टप कापडाचे, दिवे झाकणासारखे उघडणारे आणि माणसे बसणार दोनच. वहिनींनी ती पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, 'आणि पाहुणे आले तर?' पुतण्या म्हणाला, 'त्यांच्यासाठी दुसरी गाडी आहे, आई.' यावर वहिनी काही बोलल्या नाहीत. घरात माणसे दोन आणि गाड्या दोन, त्यातली एक बिनकामाची, हा हिशेब त्यांना आजतागायत पटलेला नाही.

त्या बिनकामाच्या गाडीला पुतण्या टर्बो बसवणार होता. भाग आणून ठेवले होते. गॅरेजच्या फळीवर गोगलगाईच्या शंखासारखे ओतीव लोखंडाचे एक घडवंच बसून होते, आणि संध्याकाळी कामावरून आला की तो त्याच्याकडे बघत चहा प्यायचा.

या शंखाचे काम कसे चालते हे मी तीन संध्याकाळी ऐकले. विद्यार्थ्याने मास्तरला शिकवावे तसे. इंजिनातून जो जळका वायू बाहेर पडतो तो आठ-नऊशे अंश तापलेला असतो आणि त्यात बरीच ताकद शिल्लक असते. एरवी ती सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बोमध्ये तो वायू एका छोट्या चक्राच्या पात्यांवरून सोडतात. चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची ताजी हवा ओढून दाबून इंजिनात भरते. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येते आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त काम निघते. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तरंगतो तो तेलाच्या पातळ थरावर. म्हणून शहाणा ड्रायव्हर घाट चढून आल्यावर टर्बोचे इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर तसेच चालू ठेवतो, नाहीतर तेल जागेवरच जळून त्याचा कोळसा होतो. आमच्या चोर्ल्याचे ट्रकवाले माथ्यावर चहाला थांबून इंजिन का चालू ठेवत, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी डेन्व्हरला कळले.

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरने तिचे पेटंट घेतले ते १९०५ साली. पुढे ती जहाजांच्या डिझेल इंजिनांत आणि विमानांत शिरली. साध्या मोटारीत आली ती १९६२ साली, अमेरिकेतच, ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन गाड्यांतून. जेटफायरची मौज अशी, की तिला पेट्रोलखेरीज पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे, कारण दाबलेल्या गरम हवेने इंजिन खणखणू लागे. ते मिश्रण संपले की गाडी आपणहून टर्बोचा जोर कमी करी. लोक ती टाकी भरायला विसरत आणि मग गाडीला ताकद नाही म्हणून तक्रार करीत. स्वीडनच्या साब कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस यातून शहाणपणाची वाट काढली. शर्यतीचा वेग नको, कमी दाब आणि रोजच्या वापरातली ताकद हवी. पुतण्याचा मार्गही हाच. फार नव्हे, थोडाच दाब.

हे 'खणखणणे' काय असते तेही सांगितले पाहिजे, कारण सगळा धोका तिथेच आहे. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना खालचे टोक हाताला चटका देते, तेच. तापलेली आणि दाबलेली हवा पेट्रोलसह सिलिंडरमध्ये गेली की ठिणगीने पेटवलेली आग नीट पसरायच्या आतच कोपऱ्यातले मिश्रण आपल्या मनाने पेटते, आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा आवाज येतो. असे चारदोनदा झाले तर आवाजावर भागते, सतत झाले तर पिस्टनच फुटतो. या इंजिनाचा मूळचाच दाब बऱ्यापैकी, सव्वानऊ-साडेनऊला एक. म्हणजे वर्गातला हुशार मुलगा, त्याच्यावर आणखी शिकवणीचा भार. (आमच्या दहावीच्या मुलांना जानेवारीपासून जे क्लासवाले दाबून भरतात, त्यांना हे प्रकरण वाचायला द्यावे असे मनात आले. पण तो विषय निराळा.)

यावरचे उपाय तीन. दाबलेली हवा आत जाण्याआधी जाळीतून नेऊन थंड करायची. पेट्रोल जरा सढळ सोडायचे. एरवी एक भाग पेट्रोलला हवेचे १४.७ भाग हे बरोबर प्रमाण, पण दाबाखाली बारा भागांच्या आतच थांबायचे. आणि ठिणगी थोडी उशिरा पाडायची, दर पौंडाला साधारण एक अंश. अडचण एकच, की १९९० सालच्या गाडीचा मेंदू हे काही जाणत नाही. तिच्यात आत येणारी हवा मोजायला एक झडप असते, दारासारखी. हवा जास्त तशी झडप जास्त उघडते. पूर्ण उघडली की तिचे मोजणे संपले. त्यापुढे कितीही हवा आली तरी गाडी म्हणणार, दार उघडे आहे, आणखी मी काय सांगू? तेव्हा पुतण्याने ती झडपच काढून टाकायची ठरवली होती. तिच्या जागी दाब मोजणारे यंत्र, थोडी मोठी इंजेक्टरे आणि नवा छोटा संगणक. त्या संगणकातला तक्ता त्याने मला दाखवला. आडवे रकाने इंजिनाच्या फेऱ्यांचे, उभे दाबाचे, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा, इतके पेट्रोल. मला ते शाळेचे वेळापत्रकच वाटले. एक चौकट चुकली की तास रिकामा गेला, नाहीतर दोन मास्तर एका वर्गावर.

'पण कशासाठी रे हे?' मी विचारले. प्रश्न मास्तरी होता, पण त्याने उत्तर सरळ दिले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट उंच, बरोबर एक मैल. समुद्रकाठी हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड असतो, इथे बाराच्या जरा वर. कंपनीने गाडी ११६ अश्वशक्तीची म्हणून विकली, पण डेन्व्हरच्या विरळ हवेत त्यातली शंभरसुद्धा हाताला लागत नाही. 'काका, मी तिला काही जास्त देत नाही. जे तिचं होतं तेच परत देतोय, थोडं व्याज घालून.' व्याज किती, हा प्रश्न उरलाच. त्याच्या मनात होते आठ पौंड, जमल्यास दहा.

वहिनींनी हे नेहमीच्या मार्गाने बेळगावला कळवले. रविवारी सकाळी साडेआठला डेन्व्हरहून फोन लागतो तेव्हा बेळगावात रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि अण्णा जेवायच्या आधी बातम्या बघत असतात. त्या रविवारी टी.व्ही.चा आवाज बंद झाला. 'त्याला दे फोन,' अण्णा म्हणाले. आम्ही तिघेही चमकलो.

'किती वर्षांचं इंजिन आहे?'

'तेहतीस.'

'तेहतीस वर्षं पळलं. आता आणि काय पळवालास त्याला?'

पुतण्याने समजावले. कॉम्प्रेशन तपासले आहे, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत, तेल जळत नाही. अण्णा ऐकत होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो दुसऱ्या कुणी विचारला नसता. 'टायमिंगचा पट्टा कितीदा बदललाय? आणि बदलणाऱ्यानं पुढचा बोल्ट कसा आवळलाय?'

पुतण्या गप्प झाला. त्याला ठाऊक होते. या गाड्यांच्या पहिल्या दीड-दोन वर्षांच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे नाक आखूड आहे, बोल्टही बारीक. नंतर दोन्ही वाढवले गेले. ओळखायची खूण सोपी, पुढच्या पुलीला चार खाचा असल्या तर नाक आखूड, आठ असल्या तर लांब. त्याने त्या कधीच मोजल्या होत्या. चार होत्या. मोजून तो उठला होता आणि कुणाला बोलला नव्हता.

'आखूड नाक हा काही दोष नव्हे,' अण्णा म्हणाले. 'बोल्ट नीट आवळला तर ते जन्मभर जातं. पण पट्टा बदलताना कुणी एकानं जरी आळस केला असेल, तर चावी हलते. चावी हलली की खाच रुंद होते. मग टायमिंग मागं पडतं, आणि तू बसशील तुझ्या कॉम्प्युटरवर आकडे बदलत. उघड ते आधी. टर्बो पळून जात नाही.'

चावी म्हणजे लोखंडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. अर्धा शाफ्टच्या खाचेत बसतो, अर्धा वरच्या दातेरी चक्राच्या. चक्र शाफ्टवर घसरू नये म्हणून. कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा त्या चक्रावरून जातो, आणि या गाडीत ठिणगीची वेळही कॅमशाफ्टच्याच मागे कळते. म्हणजे एवढ्याशा तुकड्यावर सगळ्याचे घड्याळ.

पुढच्या शनिवारी उघडले. रेडिएटर काढला, पट्टे काढले. बोल्ट अपेक्षेपेक्षा कमी जोराने सुटला, तेव्हाच पुतण्याने माझ्याकडे पाहिले. बेळगावात रात्रीचे साडेदहा होऊन गेले होते, अण्णा जागे होते. फोन धरायचे काम एम.ए. झालेल्या माणसाकडे आले. 'अजून खाली. अजून. तुझा अंगठा काढ मध्ये आलेला.' हे मला. मग मुलाला, 'पुसून घे. आता नख फिरव. खाचेच्या डाव्या कडेवर. लागतंय?'

'लागतंय. जरासं.'

'उजवीकडं?'

'नाही.'

'परत फिरव. हळू. डोळे मिटून फिरव, डोळ्यांना दिसत नाही ते.'

अमेरिकेत नोकरी करणारा आणि तीन पडद्यांच्या संगणकावर काम करणारा हा मुलगा डोळे मिटून, जमिनीवर एका कुशीवर पडून, तेहतीस वर्षे जुन्या लोखंडावर नख फिरवत होता, आणि आठ हजार मैलांवरून त्याचा बाप त्याला विचारत होता, केसाएवढे की कागदाएवढे. मी फोन धरून उभा होतो. वहिनी दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या, त्यांनी कप खाली ठेवले नाहीत.

'कागदाएवढं नाही,' तो म्हणाला. 'त्याहून कमी.'

'मग वाचलास,' अण्णा म्हणाले.

शाफ्ट काढायची गरज नव्हती. नवी चावी, नवे चक्र, नवा बोल्ट. खाचेतली फट भरायला, घट्ट होऊन बसणारा लॉकटाइटचा थर. तो लावण्याआधी तेलाचा अंशही राहता कामा नये, तीनदा पुसायचे, तिसऱ्यांदा नव्या फडक्याने. टॉर्क रेंच, एकाच दमात. आणि चोवीस तास गाडीला हात लावायचा नाही. हे शेवटचे अण्णांनी दोनदा सांगितले, कारण पुतण्या लहानपणी पतंगाचा मांजाही सुकू द्यायचा नाही.

त्यानंतरच्या रविवारी दाबाचा विषय निघाला. पुतण्या आठवर आला होता. अण्णांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब केला होता, तो वाचून दाखवला. त्याच्या राज्यात पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे, १४,११५ फूट. वरपर्यंत मोटारीचा रस्ता जातो. त्या टोकावर हवेचा दाब साडेआठ पौंडांच्या आसपास. 'त्यात सहा घाल. किती झाले? साडेचौदा. म्हणजे डोंगराच्या टोकावर गाडीला वाटणार, आपण कारवारच्या धक्क्यावर आहोत. आणि डेन्व्हरला बारा नि सहा अठरा, ते तुझं व्याज. याहून जास्त त्या नाकाला आणि त्या पिस्टनला मी मागणार नाही. सहा साकु.' कारखान्यातला कानडी शब्द त्यांच्या तोंडी आला की समजावे, काम ठरले.

हिशेब त्यांनी केला तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते, पण याच डोंगरावर १९१८ साली सॅनफर्ड मॉस या जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनियरने लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन टर्बो जोडून चालवून दाखवले होते. विरळ हवेत विमानांची ताकद जाते, ती परत देता येते का, हे पाहायला विमान वर नेण्याऐवजी त्याने इंजिनच डोंगरावर नेले. पुतण्याने हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, 'शहाणा माणूस. पडलं तर जमिनीवरच पडणार.'

मी मेच्या अखेरीस शाळा उघडायच्या आत परतलो. येताना सामानात ती जुनी चावी होती, प्लास्टिकच्या पिशवीत, पुतण्याने दिलेली. अण्णांनी ती त्याच रात्री मायक्रोमीटरला लावली. तीन ठिकाणी मोजली, आकडा कागदावर लिहिला, फोटो काढून मुलाला पाठवला. मला म्हणाले, 'एका बाजूनंच झिजलीय. चांगलंय.' चांगले कसे, ते मी विचारले नाही. आता ती त्यांच्या चष्म्याच्या डबीत आहे.

टर्बो बसला ऑगस्टमध्ये. चारदोन अडचणी आल्या, तेलाच्या नळीचा सांधा पाझरला, थंड हवेची जाळी बसवायला पुढचा पत्रा कापावा लागला. त्या सगळ्या दर रविवारी बेळगावला कळत होत्या आणि आता वहिनींना फोन मिळायला नऊ वाजायचे. त्या कुरकुरायच्या, पण टी.व्ही. आपणच बंद करायच्या. पेट्रोलचीही चर्चा झाली. कोलोरॅडोत विरळ हवेमुळे ८५ ऑक्टेनचे साधे पेट्रोल सर्रास विकतात. अण्णांचे म्हणणे, ते भरायचे नाही. समुद्रकाठची हवा आपण परत आणली, तर समुद्रकाठचेच पेट्रोल हवे. पुतण्या ९१ चे भरतो.

सप्टेंबरात त्याने पाइक्स पीकवरून व्हिडिओ पाठवला. वळणामागून वळण, झाडे संपलेली, कडेला बर्फाचा चुरा, आणि डॅशबोर्डवर नवा छोटा काटा सहावर येऊन थांबलेला. तो हलतही नव्हता. मागून शंखाची बारीक शीळ ऐकू येत होती. माथ्यावर त्याने गाडी उभी केली, इंजिन मिनिटभर चालू ठेवले आणि फोन बॉनेटपाशी धरला.

अण्णांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा फोन कानाला लावून, चित्र न बघता. मग मुलाला फोन लावला.

'आवाज बरा आहे,' ते म्हणाले. 'डायनामोचा पट्टा ढिला वाटालाय. उतरल्यावर बघ.'